रिझर्व्ह बँक की खासगी बँक: तुमचा आकडा पुढे कुठे जाणार आहे?

चोवीस वर्षांच्या एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातून अर्थशास्त्रात एम.ए. झालं आहे. मुंबईतल्या एका खासगी बँकेच्या संशोधन विभागात विश्लेषकाची नोकरी हातात आहे. घरचे म्हणतात, ती सोड, दोन वर्षं घरी बसून नीट अभ्यास कर आणि रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी, म्हणजे तिथल्या अधिकारी भरतीची परीक्षा, काढ, आयुष्याचं कल्याण होईल. अर्थतज्ज्ञ म्हणून खरं करिअर कुठे होतं, पीएच.डी. लागते का, आणि मराठी माध्यमातून शिकल्याने पुढे अडतं का, हे तिला जाणून घ्यायचं आहे.

मी १९९८ साली रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागात रिसर्च ऑफिसर म्हणून रुजू झाले. सोळा वर्षं तिथे काढली आणि २०१४ पासून खासगी बँकेत अर्थतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. दोन्ही घरचं मीठ खाल्लं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पगार किती, नोकरी पक्की का, मुंबईत राहायची सोय काय, हे प्रश्न खरेच आहेत आणि त्यांच्याकडे मी येणार आहे. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. दोन्हीकडच्या अर्थतज्ज्ञासमोर कच्चा माल तोच असतो: महागाई, पतवाढ (म्हणजे बँकांच्या कर्जांतली वाढ), व्यापारतूट, पाऊसपाणी, सरकारची कर्जउभारणी. त्यातून तुम्ही जो आकडा काढता, त्याचं पुढे काय होतं ते मात्र दोन ठिकाणी अगदी वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेत तुमचा आकडा फाइलीतून वर चढत जातो, चार-पाच जण तो तपासतात, आणि शेवटी तो संस्थेचा होतो. तुमचं नाव मागे राहतं. खासगी बँकेत तो सकाळी तुमच्या नावाने जातो आणि अर्ध्या तासात कोणीतरी त्याच्या भरवशावर पैसे लावतं. यातला कोणता भार आपल्याला पेलेल, हे आधी बघायला हवं.

पहिल्या वर्षी माझ्याकडे राज्यांच्या अर्थसंकल्पांचं काम आलं. सगळ्या राज्यांच्या अर्थसंकल्पांचा अभ्यास रिझर्व्ह बँक दरवर्षी प्रसिद्ध करते. त्यासाठी प्रत्येक राज्याची जाडजूड पुस्तकं यायची आणि त्यांतला एकेक आकडा तक्त्यात भरायचा. महाराष्ट्राची पुस्तकं माझ्या वाट्याला आली. महसुली जमा, भांडवली खर्च, सहायक अनुदाने हे शब्द मला घरचेच, त्यामुळे काम दोन दिवसांत उरकेल असं वाटलं. प्रत्येक बाबीपुढे तीन प्रकारचे आकडे असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष लेखे. घाईत मी एका ठिकाणी सुधारित अंदाजाचा आकडा प्रत्यक्षाच्या रकान्यात लिहिला. आमच्या वरिष्ठ बाईंनी पेन्सिलीने त्याभोवती गोल काढला आणि मला बोलावून विचारलं, ‘हा पैसा खर्च झालाय, की होणार आहे असं सरकार म्हणतंय?’

रागावल्या नाहीत. पुस्तक उघडून आधीच्या वर्षांचे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायला लावले. सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष यांत भांडवली खर्चाच्या बाबतीत किती अंतर पडू शकतं, ते मी स्वतःच्या हाताने लिहून पाहिलं. त्यानंतर आजतागायत कोणताही आकडा हातात आला की तो कोणी मोजला, कधी मोजला, आणि तो मोजलेला आहे की कल्पिलेला, हे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. रिझर्व्ह बँकेने मला दिलेली ही सगळ्यांत मोठी शिदोरी.

आज त्या संशोधन विभागाला डीईपीआर (डिपार्टमेंट ऑफ इकॉनॉमिक अँड पॉलिसी रिसर्च) म्हणतात. मी रुजू झाले तेव्हा डीईएपी होतं. शेजारी सांख्यिकीचा डीएसआयएम आहे आणि पतधोरणाचा वेगळा विभाग आहे. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायदा बदलला आणि व्याजदर ठरवण्याचं काम सहा जणांच्या पतधोरण समितीकडे गेलं. किरकोळ महागाई ४ टक्क्यांवर ठेवायची, खाली-वर २ टक्के चालतील, आणि सलग तीन तिमाही ही मर्यादा मोडली तर सरकारला लेखी कारण द्यायचं. २०२२ मध्ये ते पत्र द्यावंच लागलं. कायद्याने हे ठरल्यापासून संशोधन विभागातल्या तरुण अधिकाऱ्याचं काम बदललं. पूर्वी आम्ही घाऊक किमती, पैशाचा पुरवठा, पतवाढ असं बरंच काही एकाच वेळी बघायचो आणि जोर कशावर द्यायचा हे वरचे ठरवायचे. आता चार तिमाहींनंतर महागाई कुठे असेल, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक बैठकीला आकड्यात द्यावं लागतं. त्यामागे प्रारूपं (गणिती मॉडेल) असतात, उद्योगांची सर्वेक्षणं असतात, शहरांतल्या कुटुंबांना ‘वर्षभराने किमती किती वाढतील असं वाटतं’ असं विचारून काढलेली अपेक्षा असते. समितीचे सदस्य बैठकीच्या आधी आणि नंतर सात-सात दिवस जाहीरपणे बोलत नाहीत. तुम्ही सदस्य नसलात तरी ती शिस्त तुमच्या अंगात मुरते. घरी जेवताना नवऱ्याने ‘काय, दर वाढणार का?’ विचारलं तर तुम्ही ‘भाजी वाढ’ म्हणता.

तुमचं नाव येतं ते मासिक पत्रिकेतल्या लेखावर. तिथेही तळाशी ओळ असते की ही मतं लेखकांची आहेत, बँकेची नव्हेत. ज्यांना स्वतःचं मत वर्तमानपत्रात छापून आलेलं बघायची हौस आहे, त्यांना हे जड जातं. मला गेलं नाही. मला जड गेली ती संथ गती. आपला अंदाज बरोबर होता की चूक, हे कळायला वर्ष जातं, आणि तोवर फाइल पाच हातांतून गेलेली असल्याने त्यातलं आपलं किती, हेही नेमकं उरत नाही. म्हणून २०१४ मध्ये मी बाहेर पडले. सरसकट सल्ला म्हणून हे घेऊ नका. माझ्याबरोबर रुजू झालेल्यांतले बहुतेक तिथे समाधानाने आहेत आणि त्यांचं काम माझ्यापेक्षा कमी मोलाचं नाही.

आता खासगी बँक. रोखे बाजार नऊला उघडतो, त्याच्या आत माझं टिपण गेलेलं असावं लागतं. रात्री अमेरिकेत काय झालं, कच्चं तेल कुठे आहे, शुक्रवार असेल तर सरकारी रोख्यांचा लिलाव किती कोटींचा, आणि या सगळ्यावर आपलं मत काय. दीड पान, बस. रोख्यांची खरेदी-विक्री करणारा डीलर दुसरं पान उलटत नाही. दुपारी कधी कर्जविभाग येतो: साखर कारखान्यांना पुढच्या हंगामात द्यावं का, पोलादाच्या किमती पडल्या तर कोणत्या खात्यांवर डोळा ठेवायचा. महिन्यातून एकदा मालमत्ता-देणी समितीपुढे व्याजदरांचा अंदाज मांडायचा, कारण ठेवींचे दर त्यावर ठरतात. आणि ग्राहकांच्या बैठका. नाशिकचा द्राक्षांचा निर्यातदार विचारतो, ‘मॅडम, एप्रिलमध्ये युरो कितीला?’ माल फेब्रुवारीत कंटेनरमध्ये भरायचा, पैसे दोन महिन्यांनी यायचे, तोवर दर बांधून घ्यायचा की उघडं राहायचं, एवढाच त्याचा पेच. मी त्याला दर सांगत नाही. किती रुपयांच्या खाली युरो गेला तर तुमचा या मालावरचा नफा संपतो, हे आधी त्याच्याकडून काढून घेते. ते कळलं की निम्मं उत्तर त्याचं त्यालाच सापडतं.

माझी एक चूक सांगते, कारण दोन ठिकाणांमधला फरक मला तिथे सगळ्यांत लख्ख दिसला. नोव्हेंबर २०१९ च्या मध्यावर अशाच एका बैठकीनंतर मी लासलगावला गेले. चाळींतला उन्हाळ कांदा संपत आलेला, आणि ज्याच्यावर भिस्त तो लाल कांदा अवकाळी पावसात सापडलेला. लिलावाच्या रांगेत एका व्यापाऱ्याने ट्रॅक्टरमधला कांदा उचलला, अंगठ्याने त्याची मान दाबली आणि मला दाखवली. मान पिचकत होती. ‘हा चार दिवस टिकायचा नाही. डिसेंबरात भाव उतरतील असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका,’ तो म्हणाला. मी वहीत लिहून घेतलं.

मुंबईला आले, तर वातावरण वेगळंच. २९ नोव्हेंबरला जुलै-सप्टेंबर तिमाहीची वाढ ४.५ टक्के आली. त्या वर्षात समितीने सलग पाच वेळा रेपो दर (ज्या दराने रिझर्व्ह बँक बँकांना थोड्या मुदतीचं कर्ज देते तो) उतरवून ५.१५ टक्क्यांवर आणला होता, आणि ५ डिसेंबरला आणखी पाव टक्का उतरणार असं जवळजवळ सगळा बाजार धरून चालला होता. माझ्या प्रारूपात दरवर्षीप्रमाणे डिसेंबरात भाज्या स्वस्त होणार होत्या. कांद्याचं महागाई निर्देशांकातलं वजन तेव्हाच्या मालिकेत जेमतेम ०.६४ टक्के. वहीतल्या नोंदीला मी टिपणात जागा दिली नाही, आणि पाव टक्का कपात होईल असं लिहिलं. ५ डिसेंबरला सहाही सदस्यांनी दर जागेवर ठेवला. रोख्यांचे परतावे चढले, म्हणजे किमती पडल्या, आणि आमच्या ट्रेझरीने, म्हणजे बँकेचे पैसे रोख्यांत गुंतवणाऱ्या विभागाने, माझ्या टिपणावर विसंबून धरलेल्या रोख्यांवर नुकसान झालं. पुढे डिसेंबरची किरकोळ महागाई ७.३५ टक्के आली. भाज्या वर्षभरात ६० टक्क्यांनी महागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेझरीच्या प्रमुखांनी मला एकच विचारलं: ‘अंदाज सगळ्यांचाच चुकला, त्याचं काही नाही. पण कांद्याचं तुम्हाला कळलं होतं ना? मग आम्हाला का नाही कळलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिझर्व्ह बँकेत असते तर ते टिपण माझ्या टेबलावरून निघण्याआधीच कोणीतरी पेन्सिलीने गोल काढला असता. खासगी बँकेत वेळ नसतो, वर तपासणारं कोणी नसतं, आणि पेन्सिल आपली आपल्यालाच धरावी लागते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक टिपणाच्या शेवटी दोन ओळी असतात: माझ्या मताच्या विरोधात जाणारी कोणती गोष्ट मी या महिन्यात पाहिली किंवा ऐकली.

आणखी एक दुपार आठवते. ४ मे २०२२, गव्हर्नर दोन वाजता निवेदन करणार असा निरोप. बैठक ठरलेली नव्हती, त्यामुळे काय असेल कोणालाच कळेना. रेपो एकदम वाढून ४.४० टक्के झाला, सोबत रोख राखीव प्रमाणही (बँकांना ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो) वाढलं, आणि दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा त्या दुपारी साधारण पाव टक्का चढला. दहा मिनिटांत ट्रेझरीला मला सांगायचं होतं की जूनमध्ये किती. जुन्या घरी त्याच प्रश्नावर आम्ही पंधरा दिवस बसलो असतो. अशी दहा मिनिटं ज्याला नकोशी होतात त्याने खासगी बँकेच्या वाटेला जाऊ नये.

एका गोष्टीची आधीच कल्पना असू द्या. खासगी बँकेत तुमचं मत आणि बँकेचा धंदा एकमेकांना घासतात. पतवाढीचा अंदाज थोडा वर घ्या म्हणजे पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात बसेल, असं मला सुचवलं गेलेलं आहे. मी घेतला नाही, आणि त्या वर्षी वरिष्ठांशी संबंध ताणलेले राहिले. नाही म्हणायची ताकद हुद्द्याने येत नाही. आपल्या आकड्याचा ठावठिकाणा आपल्याला पाठ असला की ती येते.

आता तुमच्या परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. डीईपीआरच्या ग्रेड बी जागा थोड्या असतात, अलीकडच्या जाहिरातींत पन्नासच्या आतच, आणि दरवर्षी संख्या बदलते. वयोमर्यादा साधारणपणे ३० आहे, पीएच.डी. झालेल्यांना ३४ पर्यंत सवलत. अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात बघा. म्हणजे तुमच्याकडे काही प्रयत्नांइतका अवकाश आहे, पण निवड होईलच असं धरून दोन वर्षं घरी बसणं मला पटत नाही. घरची आर्थिक बाजू भक्कम असेल तर एक वर्ष पूर्ण वेळ अभ्यासाला द्यायला हरकत नाही. तुमच्या पगाराची घरी गरज असेल, तर नोकरी घ्या आणि नोकरी करत परीक्षा द्या. अवघड आहे, पण बँकेत रोज जे वाचाल त्यातलं बरंचसं त्याच अभ्यासक्रमातलं आहे.

पगाराचं म्हणाल तर सुरुवातीला रिझर्व्ह बँक कुठेही कमी नाही. मुंबईत निवासस्थान मिळालं तर हिशेब तिच्याच बाजूला झुकतो. दहा-बारा वर्षांनंतर खासगी बँक पुढे जाते, पण तिथे मुख्य अर्थतज्ज्ञ एकच असतो आणि त्याच्या हाताखाली तीन-चार माणसं. वर जायला जिना अरुंद आहे.

दारांचंही लक्षात घ्या. रिझर्व्ह बँकेतून खासगी बँकेत, नाणेनिधीत किंवा विद्यापीठात जाणारे पुष्कळ आहेत. उलट्या दिशेने, मधल्या हुद्द्यावर आत येणं फार थोड्यांना जमतं, कारण मुख्य प्रवेश परीक्षेतून आणि वयाच्या अटीत आहे. अगदी वरच्या टोकाला मात्र दोन्ही रस्ते भेटतात. मायकल पात्रा १९८५ मध्ये रिझर्व्ह बँकेत लागले आणि तिथेच डेप्युटी गव्हर्नर झाले. सौगत भट्टाचार्य अ‍ॅक्सिस बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते पतधोरण समितीचे बाह्य सदस्य झाले.

पीएच.डी. सुरुवातीला लागत नाही, दोन्हीकडे. प्रारूपं बांधण्याच्या कामात किंवा पुढे आंतरराष्ट्रीय संस्थांकडे जायचं असेल तर ती उपयोगी पडते, आणि रिझर्व्ह बँकेत नोकरीत असताना उच्च शिक्षणासाठी रजा मिळण्याची सोय आहे. मी स्वतः नोकरीत असतानाच केली. खासगी बँकेत पीएच.डी.पेक्षा अर्थमिती (इकॉनोमेट्रिक्स) पक्की असणं, आर किंवा पायथन या संगणकीय भाषांत हात चालणं आणि दीड पान स्वच्छ लिहिता येणं याला जास्त किंमत आहे.

मराठी माध्यमाची काळजी करू नका. मीही सोलापुरात मराठी शाळेतच शिकले. डीईपीआरच्या परीक्षेत इंग्रजीत लिहावं लागतं हे खरं, पण तिथे साधी, छोटी, नेमकी वाक्यं चालतात. रोज रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेतलं एक पान वाचा, पुस्तक मिटून त्याचा सारांश स्वतःच्या इंग्रजीत लिहा. सहा महिन्यांत हात बसतो. आणि लासलगावच्या त्या व्यापाऱ्याचं म्हणणं मला दुभाष्याशिवाय कळलं, ही आपली जमेची बाजू आहे.

तर माझं मत: नोकरी घ्या, परीक्षाही द्या, आणि रिझर्व्ह बँक मिळाली तर मिळणारा पगार सोडून तिथे जा, निदान सात-आठ वर्षांसाठी. पेन्सिल आधी आणि घड्याळ नंतर, या क्रमाने शिकणं सोपं जातं. मी उलट क्रमाने आलेली मुलं पाहिली आहेत. फार वेगवान असतात, पण आकडा कुठून आला विचारलं की अडखळतात.

हे सगळं ठरवण्याआधी एक काम करून बघा. किरकोळ महागाईचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेला येतो. त्याच्या दोन दिवस आधी तुमचा अंदाज एका पानावर लिहा: भाज्या, धान्य, तेल, इंधन, सोनं, बाकीचं, असं गटवार, प्रत्येकापुढे एका ओळीत कारण. आकडा आला की कुठल्या गटात किती चुकलं ते शेजारी लाल पेनाने लिहा. असे सहा महिने करा. चूक नेमकी कुठे झाली हे शोधत बसण्यात रात्र कशी गेली कळलं नाही असं होत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या तयारीला लागा. आकडा यायच्या आधीची धाकधूकच जास्त हवीहवीशी वाटत असेल, तर खासगी बँकेत तुमचं चांगलं चालेल. केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग जीवनावश्यक वस्तूंचे किरकोळ भाव रोज देतो, बाजार समित्यांचे घाऊक भाव अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. सुरुवात कांद्यापासून करा, आणि आठवड्यातून एकदा तुमच्या भाजीवाल्या मावशींना भाव विचारून तोही त्याच पानावर लिहा.